एकनाथरावांनी सुधारलेले रिव्हॉल्व्हर

पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या दसऱ्याला सगळे हैदराबाद शहर राजकारण बोलत होते. निजामाचे पुढे काय, लष्करी अंमल किती दिवस चालणार, कचेऱ्यांतून उर्दू गेली तर तिच्या जागी कोण बसणार, अशा प्रश्नांवर नल्लकुंट्यातल्या ओट्याओट्यांवर परिषदा भरत होत्या. एकनाथराव वसमतकर या परिषदांना नियमाने हजर राहत, योग्य त्या ठिकाणी मान डोलावीत आणि मनात लेथचा विचार करीत.

लेथ म्हणजे लाकूड किंवा धातू फिरते ठेवून कातण्याचे यंत्र. एकनाथरावांच्या शेजाऱ्यांना हा खुलासा लागत नसे. त्यांतल्या प्रत्येकाने तो निदान एकदा आकृतीसह ऐकलेला होता. एकनाथराव टेक्निकल कॉलेजात शिकले आणि तिथल्याच कारखान्यात मुलांना कातकाम शिकवीत निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, लेथ मात्र कॉलेजातच राहिला. हे न्याय्यच होते. परंतु सकाळचा चहा झाला की त्यांचे हात आपोआप काहीतरी धरू पाहत, आणि धरण्यासारखे घरात काही नसल्यामुळे दाराच्या बिजागऱ्या, स्टोव्हची टाकी, शेजाऱ्यांच्या छत्र्या, जे सापडेल ते धरीत. त्यांच्या पत्नीने, पद्मावतीबाईंनी, विळी कुलपात ठेवायला सुरुवात केली होती. "चांगली चालतेय ती. तिला काही करू नका," एवढेच त्या म्हणत.

जामबागेत हिम्मतराव वकिलांच्या बग्गीखान्यात असा एक लेथ पडून होता. छोटेखानी, पायाने चालणारा, जर्मन. हिम्मतरावांच्या थोरल्या बंधूंना एके काळी बुद्धिबळाच्या सोंगट्या स्वतः करण्याचा छंद जडला, त्यासाठी त्यांनी तो मागवला होता. प्यादी झाली, हत्ती झाले, उंटही झाले. पण घोड्याचे तोंड लेथवर कातता येत नाही हे कळल्यावर त्यांचे मन उडाले आणि ते सतार शिकू लागले. तेव्हापासून लेथवर बग्गीची एक फाटकी गादी टाकलेली होती. एकनाथराव कसले ना कसले निमित्त काढून जामबागेत जात आणि गादीचा कोपरा उचलून आत पाहून येत.

त्या दसऱ्याला हिम्मतराव सोने द्यायला नल्लकुंट्यात आले आणि पाटापाशी थबकले. पाटावर रिव्हॉल्व्हर होते.

वसमतकरांकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असे, आणि पूजेला घरात शस्त्र एवढे एकच. एकनाथरावांचे वडील एका जागिरीत पेशकार होते. जागीरदारांनी एकदा खूश होऊन त्यांना हे पाच बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर दिले होते. लोक त्याला पिस्तूल म्हणत आणि एकनाथराव दर वेळी त्यांची चूक दाखवून देत. तळहातात मावेल एवढे ते, गंजाने जुन्या गुळासारखे काळपट झालेले. मुठीची एक फळी नाहीशी झालेली, चाप ढिला, काडतुसांची चक्री जागच्या जागी रुतलेली. त्याला बसणारी काडतुसे आता कुणाकडेच मिळत नसत. रझाकारांच्या धामधुमीत पद्मावतीबाईंनी ते तांदळाच्या पिंपात पुरून ठेवले होते, आणि त्याने घराचे जे काही रक्षण केले ते तिथूनच केले. वर्षानुवर्षांच्या पूजेचे हळदकुंकू त्याच्या खाचाखोचांत असे बसले होते की ते हत्यार कमी आणि देव्हाऱ्यातला टाक जास्त दिसे.

हिम्मतरावांना जुन्या शस्त्रांचा शौक होता. त्यांनी चष्मा पुसून नळीवरची पुसट फारसी अक्षरे वाचली. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "जागीरदारांच्या घराण्याचं निशाण आहे हे. ही चीज मला द्या."

"अहो वकीलसाहेब, ते चालत नाही."

"म्हणूनच द्या. आणि बग्गीखान्यातला तो लेथ तुम्ही घेऊन जा. गादी उचलून काय बघता ते आमच्या माळ्यानं सांगितलंय मला."

एकनाथरावांच्या हातातली आपट्याची पाने जमिनीवर पडली.

"एवढंच करा," हिम्मतराव निघता निघता म्हणाले, "जसं आहे तसं द्या. हळदकुंकूसुद्धा पुसू नका. आणि ठाण्यात दाखवून, माझ्या नावावर चढवून द्या. दिवस असे आहेत."

दिवस खरोखरच तसे होते. ज्यांच्याकडे परवान्याची हत्यारे असतील त्यांनी ती दिवाळीच्या आत ठाण्यात आणून दाखवावीत, असे गाडीवरच्या कर्ण्यातून ओरडून सांगितले जात होते. चालू हत्यार सरकारजमा होणार, बाकीच्यांचे काय करायचे ते साहेब ठरवणार. म्हणजे लेथकडे जाणारा रस्ता ठाण्यावरून होता. पण रस्ता तर होता. त्या रात्री एकनाथरावांना गाढ झोप लागली, आणि सकाळी जागे झाले तेव्हा 'जसे आहे तसे' हे शब्द त्यांना बोचू लागलेले होते.

एखादा पाहुणा 'माझ्यासाठी काही करू नका हं' असे म्हणाला म्हणून कुणी त्याच्यापुढे नुसता पाण्याचा तांब्या ठेवीत नाही. पोहे होतातच. हिम्मतराव हे घरंदाज गृहस्थ. त्यांनी सभ्यपणाने जे म्हणायचे ते म्हटले. पण ज्याने जन्मभर मुलांना 'बाकावरून उतरणारी वस्तू चालू स्थितीतच उतरली पाहिजे' असे शिकवले, त्याने लेथसारख्या वस्तूच्या बदल्यात गंजलेला, अडलेला, एका फळीचा लोखंडी तुकडा द्यावा? ही देवाणघेवाण नव्हे, ही फसवणूक, असे एकनाथरावांचे मत झाले. तरी ते पद्धतशीर गृहस्थ असल्यामुळे त्यांनी शेजारी बोलावले. सुधारणेने जुन्या वस्तूची किंमत वाढते की घटते, हा प्रश्न त्यांनी ओट्यावरच्या परिषदेपुढे ठेवला.

दत्तोबा हे बेगम बाजारातले हळदीचे व्यापारी. मूळचे नांदेडकडचे कुणबी. अजूनही बोलताना शेतात उभे असल्यासारखे मोठ्याने बोलत. "यात विचार कसला करायलाव?" ते गरजले. "आमची हळद बघा ना. शेतातून येती तवा मातीचं ढेकूळ. पिपात घालून फिरवली, पॉलिश झाली, की गिऱ्हाईक वास न घेता उचलतंय. हौ ना? लोकाला चकाकी पायजे!"

लक्ष्मणराव समोरच्या घरात राहत. मालगुजारीच्या दप्तरातून पेन्शनीत आलेले. बोलण्याआधी घसा साफ करण्याची त्यांची सवय होती. "जुन्या कागदावर," घसा साफ करून ते म्हणाले, "अक्षर पुसट झालं म्हणून कुणी शाईनं गिरवलं, तर तो कागद सुवाच्य होतो आणि त्याच क्षणी बाद होतो. कोर्ट मूळ मागतं, मास्तर. सुवाच्य मागत नाही."

"पण कागद काही काम करत नाही, लक्ष्मणराव. हे यंत्र आहे. यंत्राची किंमत त्याच्या कामात."

"मग कुणाला गोळी घालणार आहेत हिम्मतराव?"

आतून कांदा चिरण्याचा आवाज थांबला आणि पद्मावतीबाईंनी विळीवरूनच भाग घेतला. "आमच्या आईची नथ होती. मोती पिवळे पडले म्हणून सोनाराकडे दिली. त्यानं छान उजळून दिली, मोतीही बदलून दिले. आईनं नाकात घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, ही कुणाची गं?"

एकनाथरावांनी मते मोजली, आणि हळदीच्या बाजूने एक व कागद-नथीच्या बाजूने दोन पडली असली तरी विरोधी मते यंत्रशास्त्राशी संबंधित नाहीत या कारणास्तव ती बाद ठरवली.

आता रीतसर दुरुस्ती म्हणजे रीतसर परवानगी. ते ठाण्यात गेले. जुने मुन्शी गफूरसाहेब अजून तिथेच बसत, पण नव्या राज्यात आपले टेबल टिकते की नाही या काळजीने कुठल्याच कागदाला हात लावीत नसत.

"दुरुस्तीची इजाजत? मिलती ना मास्टर साब, काय कू नई मिलती. हत्यार लाके बतादेओ."

"आणतो. उद्या आणतो."

"ऐसा कैसा लाते? रस्ते में हत्यार लेके फिरने की इजाजत हुना ना पैले."

"मग ती द्या."

"हत्यार देखे बगैर कैसा देऊँ?" गफूरसाहेबांनी अतिशय सहानुभूतीने विचारले.

एकनाथराव घरी परतले आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी परवानगीवाचून काम सुरू केले. आधी फक्त गंज काढायचा होता. बारीक कानस आणि पॉलिशपेपर यांनी नळी अशी साफ झाली की चक्री तिच्यापुढे केविलवाणी दिसू लागली. चक्री साफ केली तेव्हा चापाची लाज वाटू लागली. चाप घट्ट केला तर जुनी कमान बिचारी दमून गेलेली. म्हणून एका मोडक्या गजराच्या घड्याळाची कमान तिच्या जागी आली. रुतलेली चक्री मोकळी होऊन टकटक फिरू लागली तेव्हा एकनाथराव ती बराच वेळ कानाशी धरून ऐकत बसले. नाहीशा झालेल्या फळीच्या जागी नवी फळी करावी, तर दोन्ही बाजू वेगळ्या दिसणार. म्हणून जुनी काढून दोन्ही नव्या, शिसवीच्या, मेण लावलेल्या. हळदकुंकू केव्हा गेले ते कळलेच नाही. नळीवरची फारसी अक्षरे मात्र कळून गेली. ती खोल नव्हतीच. कानशीच्या तिसऱ्याचौथ्या हातातच पृष्ठभाग एकसारखा झाला आणि एकनाथरावांना त्याचे समाधान वाटले, कारण ओरखडे ते ओरखडेच. एका गोष्टीला त्यांनी हात लावला नाही. मुठीच्या फळीखाली कारखान्याचा आकडा ठोकलेला होता. आकडा म्हणजे यंत्राचे नाव. ते पुसणे कॉलेजच्या कारखान्याच्या नियमात बसत नाही. कारखान्याचा दुसराही एक नियम होता: दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याची खूण आणि साल घेऊनच बाकावरून उतरते. त्यांनी कपाटातून अक्षरे ठोकण्याचे पोलादी खिळे काढले आणि गुळगुळीत नळीवर, ऐन मध्यावर, 'ए. व.' ही अक्षरे आणि निजामी कारभारातले फसली साल सुबक ठोकले.

राहता राहिला निकलचा मुलामा. तो चारकमानीमागे मौलासाब करीत. सायकलींचे हँडल, पानदाने, पलंगांचे गोळे यांवर त्यांची ख्याती होती. तिथवर वस्तू न्यायची कशी, तर डब्यातून. पद्मावतीबाईंनी स्पष्ट सांगितले की रिकामा डबा नेणारा माणूस चोरासारखा दिसतो. म्हणून वरच्या खणात अंबाडीची भाजी, मधल्यात भाकरी आणि सर्वांत खाली, जुन्या धोतराच्या चिंधीत, पेशकारांचे रिव्हॉल्व्हर.

मुसीच्या पुलावर लष्कराच्या शिपायाने त्यांचा झटका, म्हणजे भाड्याची घोडागाडी, थांबवला. त्याला ना उर्दू येत होती ना मराठी. त्याने डब्याकडे बोट केले. एकनाथरावांनी वरचा खण उघडला. शिपाई वाकला, त्याने वास घेतला आणि त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर एकदम सकाळ झाली.

"गोंगूरा!"

"अंबाडी," एकनाथराव सवयीने म्हणाले.

"गोंगूरा," शिपायाने ठामपणे सांगितले आणि तो खण स्वतःकडे घेतला. कुठल्याशा किनाऱ्याकडच्या गावाहून आलेला तो पोरगेला जवान. महिनोन्महिने त्याने लष्करी डाळ खाल्ली असावी. भाजीबरोबर काहीतरी हवे म्हणून त्याने भाकरीचाही खण घेतला. मग त्याची नजर तिसऱ्या खणाकडे वळली. एकनाथरावांनी आयुष्यात देवाकडे फारसे काही मागितले नव्हते. कारखान्यात त्याची गरज पडत नाही. त्या क्षणी त्यांनी मागितले. शिपायाला बहुधा वाटले, म्हाताऱ्याला काहीतरी राहू द्यावे. त्याने खालचा खण थोपटला, "तिनंडी, तिनंडी", म्हणजे तेलुगूत खा, खा, असे प्रेमाने म्हटले आणि झटका सोडून दिला.

मौलासाबांनी वस्तू हातात घेऊन शीळ घातली. "क्या नाजूक चीज है मास्टर साब! आईना बनादेतूं. मूँ देखके हजामत करलेओ."

"थर पातळ हवा. पातळ."

"हौ हौ, पतला. तुम फिकर नक्को करो."

आणि एका टेक्निकल कॉलेजच्या माणसाबद्दल वाटणाऱ्या आदरापोटी, मागितलेले नसताना, मौलासाबांनी वस्तू अख्खीच्या अख्खी मुलाम्याच्या टाकीत सोडून आतून-बाहेरून दोन हात चढवले. परत हातात आली तेव्हा ती खरोखरच आरशासारखी होती. एकनाथरावांनी तिच्यात स्वतःला पाहिले. नळीच्या गोलाईमुळे नाक जरा मोठे दिसले, पण एकंदरीत समाधान झाले. चक्री फिरवून पाहण्याचे त्यांना सुचलेच नाही. तशा चकाकणाऱ्या वस्तूवर बोटांचे ठसे उमटले असते.

दुसऱ्या दिवशी, ठाण्याआधी वकिलांना दाखवावे म्हणून, ते जामबागेत गेले. बग्गीखान्यावरून जाताना त्यांनी गादीकडे, मालकाने पाहावे तसे, ओझरते पाहिले. हिम्मतरावांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जुन्या बंदुका आणि पिस्तुले ओळीने मांडलेली होती, एकजात काळवंडलेली. त्यांना पाहून एकनाथरावांना मालकाची कीव आली. त्यांनी रुमाल उलगडला.

हिम्मतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी विचारले, "हे काय आहे?"

"आपलंच. ओळखलं नाहीत ना?" एकनाथराव विनयाने हसले. "कमान नवी, फळ्या नव्या, आणि हा मुलामा—"

"निशाण कुठंय? नळीवरचं निशाण?"

"ओरखडे होते ते. काढले."

"आणि हे ए. व. कोण?"

"मी."

वकील खुर्चीत बसले. "मास्तर, जागीरदारांनी वापरलेली, तुमच्या वडिलांच्या हातातली, तुमच्या घरातल्या बायकांनी पुजलेली चीज मी मागितली होती. तुम्ही तिचा खून केलात आणि प्रेताला पावडर लावून आणलंत. हिच्यापेक्षा सायकलची घंटा बरी. ती निदान वाजते."

"पण यंत्र म्हणून—"

"मला यंत्र नको होतं!" हिम्मतराव ओरडले, मग स्वतःच ओशाळले, आणि त्यांनी चहा मागवला. चहा पिताना लेथचा विषय कुणीच काढला नाही. एकनाथराव बाहेर पडले तेव्हा त्यांनी बग्गीखान्याकडे मान वळवली नाही. एवढा अपमान त्यांचा परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यांनीही कधी केला नव्हता.

घरी पद्मावतीबाईंनी पाट मांडला. ताट वाढले आणि आमटीत तूप जरा जास्त घातले. त्या तुपाने ते अधिकच खचले.

तशात दिवाळी तोंडावर आली. लेथ गेला तरी ठाणे काही गेले नव्हते. लक्ष्मणराव सोबत निघाले. "मी कागदाची बाजू सांभाळतो," ते म्हणाले, आणि इथून पुढे जे झाले त्याला त्यांचा हातभार लहान नव्हता.

ठाण्यात नवे इन्स्पेक्टर नागपूरकडून आलेले होते. तरुण, तुळतुळीत दाढी केलेले, मराठी बोलणारे. त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर, मांडीवर पेट्या घेऊन, हिम्मतराव वकील बसलेले होते. त्यांनाही आपला संग्रह दाखवायचाच होता. त्यांनी एकनाथरावांना नमस्कार केला आणि रिव्हॉल्व्हरवरून नजर बाजूला घेतली.

गफूरसाहेबांनी परवाना वाचून दाखवला. त्यात हत्याराचे वर्णन होते: गंजलेले, नाकाम, मुठीची एक फळी नाही. इन्स्पेक्टरांनी टेबलावरच्या वस्तूकडे पाहिले. खिडकीतले ऊन तिच्यावरून उडून त्यांच्या डोळ्यांत गेले.

"हे ते नव्हे."

"हे तेच आहे," एकनाथराव म्हणाले.

"काय हो आजोबा, थट्टा करता काय? गंजकं, एका फळीचं कुठंय ते दाखवा. आणि हे चमकणारं कुठून आणलं तेही सांगा. म्हणजे आता हत्यारं दोन झाली. एक लपवलेलं, एक बिनपरवान्याचं."

"साहेब," लक्ष्मणरावांनी घसा साफ केला, "मी साक्ष देतो. मी यांना मूळ वस्तूत फेरफार करू नका असं स्पष्ट बजावलं होतं."

"म्हणजे फेरफार केला?"

"माझ्या डोळ्यांदेखत," लक्ष्मणराव अभिमानाने म्हणाले.

एकनाथरावांनी खिशातून पेचकस काढला, शिसवीची फळी उतरवली आणि आतला आकडा दाखवला. परवान्यातला आकडा तोच निघाला. गफूरसाहेबांनी दोनदा ताडून पाहिला. हत्यार एकच ठरले, लपवल्याचा आरोप गेला, आणि एकनाथरावांना इतके हायसे वाटले की ते गप्प बसायचे सोडून शिकवू लागले.

"त्याचं असं आहे, साहेब. मूळ वस्तू पूर्ण निकामी होती. चक्री रुतलेली, कमान मेलेली. मी ती संपूर्ण चालू केली. आता चाप ओढला की—"

"थांबा." इन्स्पेक्टरांनी टाक खाली ठेवला. "निकामी हत्यार तुम्ही चालू केलं?"

"उत्तम चालू केलं."

"परवानगीशिवाय? या दिवसांत?"

बाकावरचे हिम्मतरावसुद्धा पुढे सरकले. ते चिडलेले होते, दुष्ट नव्हते. आता एकनाथरावांना समजले की त्यांनी स्वतःच्या तोंडाने, साक्षीदारांसमक्ष, स्वतःच्या अटकेचे कारण यंत्रशास्त्राच्या भाषेत नीट मांडून दिले आहे.

इन्स्पेक्टरांनी जमादाराला बोलावले. जमादाराने वस्तू उचलली, घोडा मागे ओढला. ओढला म्हणजे ओढू पाहिला. घोडा हलला नाही. त्याने चक्री फिरवली. चक्री फिरली नाही. त्याने जोर लावला, दात खाल्ले, दोन्ही अंगठे लावले. मौलासाबांच्या आदराचे दोन थर चक्री आणि चौकट यांच्यामध्ये असे एकजीव होऊन बसले होते की सगळी वस्तू एकाच धातूची ओतीव मूर्ती झाली होती. काडतूस बसायची घरेसुद्धा आतून इतकी भरली होती की त्यांत शिसपेन्सिलीचे टोकही पुरते जाईना.

"हे तर खेळणंसुद्धा नाही, साहेब," जमादार घाम पुसत म्हणाला. "खेळण्याचा घोडा ओढता येतो."

एकनाथरावांचे कान तापले. त्यांच्या बाकावरून उतरलेल्या वस्तूबद्दल, सरकारी कचेरीत, असे? "कानस द्या," ते उठत म्हणाले. "किरकोळ आहे. एक बारीक कानस द्या, मी इथल्या इथे—"

लक्ष्मणरावांनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. ठेवला आणि सगळे वजन त्यावर दिले. "काय म्हणालात?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

एकनाथरावांच्या समोर जमादाराच्या हातात त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट काम चमकत होते, आणि ते चांगले होते असे सिद्ध करण्याची साधने त्यांना पूर्ण ठाऊक होती. कोठडीचे दारही दिसत होते. त्याची बिजागरी तेलावाचून कुरकुरत होती. त्यांनी पेचकस खिशात ठेवला.

"काही नाही, साहेब," ते म्हणाले. "काम बिघडलं माझ्या हातून."

हे वाक्य त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारले होते. ते इतके अवघड गेले की इन्स्पेक्टरांना म्हाताऱ्याची दया आली. त्यांनी गफूरसाहेबांकडून लिहून घेतले: सदर वस्तू कायमची निकामी, शोभेची, हत्यार नव्हे, परवाना रद्द, वस्तू मालकास परत. नव्या राज्यातला आपला पहिला शिक्का गफूरसाहेबांनी फार प्रेमाने मारला.

त्यानंतर हिम्मतरावांच्या पेट्या उघडल्या. त्यांतल्या सगळ्या बंदुका आणि पिस्तुले मूळ स्थितीत, अस्सल, जशीच्या तशी होती. घोडे ओढले गेले, चाप हलले. एकूण एक चालू निघाली आणि एकूण एक सरकारजमा झाली.

बाहेर आल्यावर लक्ष्मणरावांनी झटका बोलावला. एकनाथराव झटक्यात बसले आणि मग एकाएकी त्यांना हसू आले. आधी आतल्या आत, मग खांदे हलू लागले, मग डोळ्यांतून पाणी. "सुटलो," ते म्हणाले. "अहो लक्ष्मणराव, सुटलो मी." पायाची बोटे ठणकत होती, तीही त्यांना गोड वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतराव नल्लकुंट्यात हजर. न सांगता आले, आणि बसायच्या आधीच बोलले. "मास्तर, काचेच्या कपाटात आता नुसत्या काचा उरल्यात. ते... तुमचं ते... मला द्याल?"

"सायकलच्या घंटेपेक्षा वाईट आहे ते," एकनाथरावांनी आठवण करून दिली. जखम अजून ओली होती.

"आहेच. जुनी चीज म्हणून त्याची किंमत शून्य. पण या शहरात सरकारी शिक्क्यानिशी कपाटात ठेवता येईल असं तेवढंच आहे माझ्या नजरेत. मी रोज त्याच्याकडे बघेन आणि मूळ कसं होतं ते आठवेन. लेथचं बोलणं कायम आहे."

पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकनाथरावांना 'घ्या' म्हणायचे होते. पण सदोष वस्तूचा दोष घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय ती द्यायची नाही, हेही त्यांनीच मुलांना शिकवले होते. "वकीलसाहेब, एक सांगायला हवं," ते कष्टाने म्हणाले. "ते कायमचं निकामी नाही. मुलामा नुसता खरवडला आणि चक्रीवर जरा कानस—"

हिम्मतरावांनी दोन्ही हात जोडले. "पाया पडतो मास्तर, आता त्याला आणखी सुधारू नका!"

"देऊन टाका हो," पद्मावतीबाई म्हणाल्या. "पिंपातल्या तांदळाला अजून गंजाचा वास येतो."

लेथ त्याच दुपारी बंडीवरून आला. तो कुठे ठेवावा यावर दत्तोबांनी ओट्यावरून, लक्ष्मणरावांनी खिडकीतून आणि गल्लीतल्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरून सल्ला दिला; शेवटी पद्मावतीबाईंनी पुढच्या खोलीतला पलंग हलवून त्याला उजेडाची जागा करून दिली. संध्याकाळी मंडळी पांगली. एकनाथरावांनी लाकडाचा एक तुकडा बसवला, पाय पट्टीवर ठेवला आणि हळूच दाबला. चाक फिरले, पटाशी टेकली, आणि लाकडाचे पातळ, लांबच लांब सालपट वळत वळत त्यांच्या मनगटावर येऊन पडले.

"काय करताव काय?" रस्त्यावरून जाता जाता दत्तोबांनी हाक मारली.

"काही नाही," एकनाथराव म्हणाले, आणि पुन्हा पाय दाबला.